जर्मनीत एक्सचेंज सेमिस्टरला जाताय? या चुका टाळा, आणि अडलंच तर काय करायचं

एक्सचेंजला निवड झाली की पहिले प्रश्न येतात ते जॅकेट कुठून घेऊ, कुकर नेऊ का, थंडी किती असते. हे सगळं जमतं हो. खरी गोची कागदांची असते, आणि तीसुद्धा जर्मन कागदांची कमी, आपल्या कॉलेजच्या कागदांची जास्त. मुलं तिकडे मस्त राहतात, पेपर देतात, पास होऊन येतात आणि मग इथल्या परीक्षा विभागात कळतं की यातले दोनच विषय धरणार, बाकीचे परत द्या. म्हणजे तिकडे पास आणि इकडे केटी. दोन युनिव्हर्सिट्यांच्या मधल्या जागेला कोणी वाली नसतो, त्यांचं इंटरनॅशनल ऑफिस त्यांच्यापुरतं बघतं, आपलं ऑफिस आपल्यापुरतं, आणि मध्ये तुम्ही. तिथे तुम्हालाच उभं राहावं लागतं, त्यामुळे खालचं सगळं त्याच हिशोबाने वाचा. मी जर्मनीपुरतंच लिहितेय, कारण तेवढंच नीट माहिती आहे.

आधी बघा की हे एक्सचेंज आहे का

हास्यास्पद वाटेल पण इथूनच गडबड सुरू होते. एक्सचेंज म्हणजे तुमच्या कॉलेजचा आणि तिकडच्या युनिव्हर्सिटीचा करार असतो, कॉलेज तुम्हाला नॉमिनेट करतं, तुम्ही फी इथेच भरत राहता आणि तिकडे ट्यूशन फी माफ असते. करार नसताना स्वतःच अर्ज करून एखाद्या सेमला गेलात तर तुम्ही फ्रीमूव्हर. दोन्हीला लोक सर्रास "सेमिस्टर अब्रॉड" म्हणतात आणि काही एजंट तर मुद्दामच म्हणतात. फरक पैशात दिसतो. जर्मनीत बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्यूशन फी नसते हे खरं, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, हायडेलबर्ग, कार्ल्सरुह वगैरे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत, आणि करारातून आलेल्या एक्सचेंजवाल्यांना ते माफ. म्यूनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या विंटरपासून बाहेरच्यांना फी लावलीये, तिथेही एक्सचेंजवाले सुटतात. त्यामुळे करार अजून चालू आहे का, त्यात तुमचं डिपार्टमेंट येतं का, हे कॉलेजच्या ऑफिसात जाऊन कागदावर बघा. संपलेल्या कराराची पाटी वेबसाइटवर वर्षानुवर्षं लटकलेली असते.

सेमिस्टर काँट्रिब्यूशन मात्र एक्सचेंजवाल्यांनाही बहुतेक ठिकाणी भरावं लागतं, ते वेगळं. त्यात विद्यार्थी सेवांचा वाटा असतो आणि बऱ्याच ठिकाणी प्रवासाचा पासही. देशभर लोकल गाड्यांना चालणारा जो डॉइचलँड सेमिस्टर पास आहे तो साध्या तिकिटाच्या ६० टक्के भावात पडतो, तो तुमच्या युनिव्हर्सिटीत आहे का ते आधीच विचारून ठेवा म्हणजे महिन्याचा हिशोब बरोबर बसेल.

दोन कॅलेंडर जुळत नाहीत, आणि हे कोणी सांगत नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्याकडे सेम साधारण जुलै ते नोव्हेंबर आणि जानेवारी ते मे. जर्मन युनिव्हर्सिटीत विंटर सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि समर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. लेक्चर विंटरला ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, समरला एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत, आणि परीक्षा त्याच्यानंतर. आता हे दोन्ही एकावर एक ठेवून बघा. विंटरला गेलात तर जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर इथे बसलात, नोव्हेंबरच्या परीक्षेला नाहीत, परत येता फेब्रुवारी-मार्चला आणि तोवर जानेवारीचं सेम अर्धं संपलेलं. समरला गेलात तर इथल्या मेच्या परीक्षेला नाहीत आणि तिकडच्या परीक्षा ऑगस्टपर्यंत लांबल्या तर जुलैचं सेमही बिनहजेरीचं सुरू. थोडक्यात तिकडचं एक सेमिस्टर इथली दोन सेम खातं.

यावर उपाय आहेत पण ते जायच्या आधीचे आहेत, आल्यावरचे नाहीत.

एक तर जागा निवडताना कॅलेंडर बघा, शहराचे फोटो नको. जर्मनीतल्या होखशूल, म्हणजे अप्लाइड सायन्सच्या युनिव्हर्सिट्या, त्यांचं सेमिस्टर बऱ्याच ठिकाणी एक महिना आधी सुरू होतं, १ सप्टेंबर आणि १ मार्च. म्हणजे परतही लवकर येता. मॅनहाइम युनिव्हर्सिटी तर २००६ पासून वेगळंच कॅलेंडर चालवते, सप्टेंबरच्या सुरुवातीला लेक्चर आणि डिसेंबरमध्ये परीक्षा, फेब्रुवारीत पुन्हा सुरू. कॉमर्स-मॅनेजमेंटवाल्यांना ते आपल्या वेळापत्रकाला बरंच जवळचं पडतं. मोठ्या नावाच्या मागे धावून एक वर्ष घालवण्यापेक्षा हे बघितलेलं बरं.

दुसरं म्हणजे कोणत्या सेमला जायचं. इंजिनिअरिंगला शेवटचं सेम जर प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिपचं असेल तर तेव्हा जाणं सोपं, थिअरीचे पेपर बुडत नाहीत. पण सातव्या सेमला विंटरसाठी गेलात तर कॅम्पस प्लेसमेंट बुडू शकते हे लक्षात ठेवा, बऱ्याच कॉलेजांत कंपन्या जुलै-ऑगस्टपासूनच यायला लागतात आणि ऑनलाइन इंटरव्ह्यू देता येईल का हे प्रत्येक कंपनीवर. टीपीओंना, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरना, आधी भेटून विचारा. "बघू तेव्हाचं तेव्हा" हे उत्तर मिळालं तर ते नाही असं समजून चाला.

तिसरं, हजेरीची सूट, परीक्षेच्या फॉर्मची तारीख, टर्म वर्क कधी जमा करायचं, बुडणारे पेपर एक्सचेंजच्या विषयांनी भरले जाणार की नंतर द्यायचे, हे सगळं एका पत्रात लिहून एचओडी, प्राचार्य आणि जमल्यास परीक्षा विभाग अशा तिघांच्या सह्या. तोंडी "होऊन जाईल रे" वर जाऊ नका. "होऊन जाईल" म्हणणारे सर तुम्ही परत येईपर्यंत दुसऱ्या कॉलेजात गेलेले असू शकतात, नवीन एचओडींना तुमची काहीच कल्पना नसते आणि त्यांचीही त्यात चूक नाही.

लर्निंग अ‍ॅग्रीमेंट फॉर्मॅलिटी म्हणून भरू नका

लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणजे तिकडे कोणते विषय घेणार आणि त्याच्या बदल्यात इथले कोणते सुटणार याचा कागद. तीन सह्या असतात, तुमची, आपल्या कॉलेजची, त्यांची. लोक काय करतात, तिकडच्या वेबसाइटवरून छान वाटणारे पाच विषय उचलतात, टाकतात, सही. मग एप्रिलमध्ये पोचल्यावर कळतं की त्यातले तीन विंटरचेच आहेत. जर्मनीत खूप विषय वर्षातून एकदाच होतात, मॉड्युल हँडबुकमध्ये, म्हणजे त्यांच्या विषयांच्या माहितीपुस्तिकेत, "टर्नुस" म्हणून लिहिलेलं असतं, विंटर का समर का दोन्ही, ते बघितल्याशिवाय एकही विषय लिहू नका. सोबत भाषाही बघा. विषयाचं नाव इंग्लिशमध्ये आहे म्हणून लेक्चर इंग्लिशमध्ये असेल असं काही नाही, बॅचलरला तर बऱ्याच ठिकाणी शिकवणं जर्मनच असतं आणि इंग्लिश विषय मास्टर्सला जास्त. बॅचलरच्या एक्सचेंजवाल्याला मास्टर्सचा विषय घेता येतो का हे त्यांच्या कोऑर्डिनेटरला मेल करून विचारा, काही ठिकाणी चालतं काही ठिकाणी नाही. आणि एक्सचेंजवाल्यांना कुठला विभाग बंद आहे हेही, मेडिसिन, सायकॉलॉजी असल्या विभागांत दार बहुतेक बंदच असतं.

आता क्रेडिटचा हिशोब. युरोपात एका सेमिस्टरला ३० ईसीटीएस, म्हणजे तिकडची क्रेडिट, एक ईसीटीएस म्हणजे घरचा अभ्यास धरून २५ ते ३० तास. आपल्याकडे नवीन शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या डिग्रीला १६० क्रेडिट म्हणजे सेमला साधारण २०. सरळ भागाकार केला तर दीड ईसीटीएसला आपलं एक क्रेडिट येतं. पण तुमचं कॉलेज दीडास एक धरतं का एकास एक का आणखी काही, ते त्यांच्याकडून लेखी घ्या. चार क्रेडिटच्या विषयाला तिकडचा पाच ईसीटीएसचा विषय चालेल असं धरून गेलात आणि इथे सहा मागितले तर एका ईसीटीएससाठी अख्खा पेपर बसतो. म्हणून थोडे जास्तच घ्या, पाच-सहा ईसीटीएसचा एक विषय राखीव, पण ३० च्या वर फार जाऊ नका, झेपत नाही.

मार्कांचंही तेच. जर्मनीत १.० म्हणजे सगळ्यात भारी, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० नापास. उलटं आहे. इथल्या क्लार्कसमोर १.७ चं ट्रान्सक्रिप्ट ठेवलं तर दहापैकी १.७ म्हणून तुमच्याकडे कीव करून बघणार. आपले मार्क जर्मनीत न्यायला ते लोक एक फॉर्म्युला वापरतात, तो बव्हेरियन फॉर्म्युला म्हणून सगळ्यांना पाठ आहे, पण तिकडचे मार्क इकडे आणायला आपल्या कॉलेजचा नियम काय हे कोणी विचारतच नाही. ग्रेड धरणार का नुसतं पास धरणार? सीजीपीएमध्ये मोजणार का नाही? टेबल आहे का? नसेल तर कॉलेजला बनवायला लावा, जायच्या आधी, तेव्हा सगळे खुशीत असतात.

आणि प्रत्येक विषयाचा पूर्ण सिलॅबस, आठवड्यागणिक असला तर उत्तमच, पीडीएफ करून ठेवा. इक्विव्हॅलन्सच्या वेळी, म्हणजे तिकडचा विषय इथल्या विषयाच्या तोडीचा आहे का हे ठरवताना, बोर्ड ऑफ स्टडीजवाले नुसत्या नावावर विश्वास ठेवत नाहीत, किती टक्के जुळतो ते बघतात.

नावाचा घोळ, खास आपला

हा महाराष्ट्रातल्या मुलांना जरा जास्तच छळतो. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत शेवटी आईचं. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं, सरनेममध्ये आडनाव. जर्मन ऑफिसातला माणूस मार्कशीट बघून भरतो, म्हणजे तुमचं आडनाव तुमचं नाव होतं आणि आईचं नाव आडनाव. मग अ‍ॅडमिशन लेटर एका नावाने, व्हिसा दुसऱ्या, बँक तिसऱ्या. पोर्टलवर पहिल्यांदा खातं उघडतानाच पासपोर्टच्या खालच्या दोन ओळीत जसं छापलंय तसंच लिहा, आणि नाव चुकीचं आलेलं पत्र कधीच "चालतंय" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी मेल करा. शेवटचं ट्रान्सक्रिप्ट त्या नावाने येणार आहे आणि इथे ते तुमच्या पीआरएनला, म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या कायम नोंदणी नंबरला, जोडायचंय.

व्हिसा, पैसे, इन्शुरन्स

तीन महिन्यांच्या वर राहायचं तर नॅशनल व्हिसा, टाइप डी, फी ७५ युरो. महाराष्ट्र आणि गोव्यात राहणाऱ्यांचं काम मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे. अ‍ॅडमिशन लेटर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं ही इथली चूक, तोपर्यंत बाकीची फाइल तयार पाहिजे, पासपोर्टची मुदत तपासून, फोटो, मोटिव्हेशन लेटर, कॉलेजचं एनओसी, बोनाफाईड, सगळं. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीत पूर्ण डिग्रीला जाणाऱ्यांना एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे इथले शिक्षणाचे कागद तपासल्याचं सर्टिफिकेट, लागतं, डिग्रीवाल्या मित्राचं बघून तुम्हीही त्याच्या मागे लागू नका किंवा नको म्हणून गाफीलही राहू नका, कॉन्सुलेटची त्या महिन्याची एक्सचेंजची चेकलिस्ट उघडा आणि त्यातच बघा. पूर्वी व्हिसा नाकारला तर त्यांच्याकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा, ते जुलै २०२५ पासून बंद झालंय, आता नवा अर्ज किंवा सरळ बर्लिनचं कोर्ट. म्हणजे पहिल्याच फाइलला नीट लावा.

व्हिसाच्या तारखा मागताना लोक लेक्चरच्या तारखा देतात. चूक. सुरुवात ओरिएंटेशनच्या आठवड्याच्या आधीची आणि शेवट परीक्षेच्या नंतरचा पाहिजे. समरवाल्यांनी जुलैअखेर मागितला आणि पेपर ऑगस्टच्या मध्यात लागला की तिकडच्या फॉरेनर्स ऑफिसची, म्हणजे परदेशी लोकांचं परमिट बघणाऱ्या ऑफिसची, अपॉइंटमेंट शोधत फिरायचं, आणि ती लवकर मिळत नाही.

पैसे दाखवायला ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे आधी सगळी रक्कम भरून मग महिन्याला ठरावीकच काढता येते असं खातं, सध्या महिन्याला ९९२ युरो धरतात, सहा महिन्यांचे ५९५२. रुपयात ते सहा लाखांच्या आसपास जातं, भाव बघा. स्कॉलरशिप असेल तर तिच्या पत्रावर महिन्याची रक्कम आणि कुठून कुठपर्यंत हे स्पष्ट लिहिलेलं घ्या, तेवढी भरत असेल तर ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही किंवा फरकापुरताच लागतो. आणि इरास्मसच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या एक्सचेंज योजनेच्या, स्कॉलरशिपचे पैसे बऱ्याचदा एकदम मिळत नाहीत, शेवटचा हप्ता परत आल्यावर रिपोर्ट भरला की येतो, त्यामुळे पहिले दोन महिने हातात आपले पैसे पाहिजेत. डिपॉझिट, पहिलं भाडं, सेमिस्टरची रक्कम, इन्शुरन्स सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं.

इन्शुरन्सचं थोडक्यात सांगते. भारतातून काढलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स व्हिसाला आणि पहिल्या दिवसांना ठीक, पण युनिव्हर्सिटीत नाव नोंदवायला तिकडचा सरकारी आरोग्य विमा लागतो, तीस वर्षांच्या आतल्यांना महिन्याला साधारण १४०-१५० युरो. तो सेमिस्टर सुरू होतो त्या तारखेपासून लागू होतो. तुम्ही दहा दिवस आधी पोचणार असाल तर त्या दहा दिवसांना ट्रॅव्हल इन्शुरन्सच आहे, तो तेवढा लांब घ्या.

बॅगेत

आईला सांगायला हा भाग दाखवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तुपाची बरणी, पेढे, बर्फी, श्रीखंड, सगळं घरी. कस्टम्सने उघडलं तर समोरच फेकतात. डिसेंबर २०१९ पासून ताजी फळं-भाज्यांनाही सर्टिफिकेट लागतं, सूट आहे फक्त अननस, नारळ, डुरियन, केळी आणि खजुराला. हापूस त्या यादीत नाही. समरला जाणारे नेमके एप्रिलमध्ये निघतात आणि घरचे एक डझन बांधून देतात, तर नाही, खाऊन निघा. ताजा कढीपत्ताही नको, वाळवून पूड करून द्या. बाकरवडी, चकली, मेतकूट, लसणाची चटणी खुशाल. दुबईवरून जात असाल तर खसखस बॅगेत ठेवू नका, गोड्या मसाल्यातसुद्धा बघा, तिकडे खसखशीवर बंदी आहे.

कुकर न्यायचा तर इंडक्शन चालणारा स्टीलचा, कारण होस्टेलच्या किचनमध्ये काय शेगडी असेल सांगता येत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही. आणि फोडणी देताना खिडकी उघडा आणि दार बंद करा, उलटं करू नका, कॉरिडॉरमधला स्मोक अलार्म मोहरीलाही वाजतो आणि फायर ब्रिगेड आली तर बिल कोणाला हा प्रश्न उभा राहू शकतो.

नियमितची औषधं असतील तर डॉक्टरची इंग्लिश चिठ्ठी, जेनेरिक नावासकट. आणि भारतातलं सिम. हे बॅगेपेक्षा महत्त्वाचं आहे. बँकेचे, आधारचे ओटीपी त्याच नंबरवर येणार, कॉलेजच्या परीक्षा फॉर्मचे पण. निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, रिचार्जची मुदत संपू देऊ नका, नंबर बंद पडला तर तिकडून चालू करणं महाकठीण. ईमेल ओटीपीचा पर्याय बँकेत असेल तर तोही चालू ठेवा.

पोचल्यावर

घराचा पत्ता नोंदवणं, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायचं असतं. त्याला घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. अपॉइंटमेंट मोठ्या शहरात दोन आठवड्यांत मिळेलच असं नाही, तेव्हा निघायच्या आधीच इंटरनेटवरून घेऊन ठेवा, आणि मिळालीच उशिराची तर घेतल्याचा मेल जपून ठेवा. होस्टेल मिळालं नाही म्हणून कोणाची खोली सबलेटवर, म्हणजे पोटभाड्याने, घेत असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा की आनमेल्डुंग करू देणार का. नाही म्हणाला तर स्वस्तातली खोलीही महाग पडते, कारण बँक, परमिट सगळं त्या पत्त्याला टांगलेलं आहे. आणि न बघता, न भेटता डिपॉझिट पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियर करतो" म्हणणारा शंभर टक्के फसवणारा.

टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवा. पहिल्याच दिवशी. जर्मनीत अर्धं जग अजून टपालाने चालतं, बँकेचा पिन, इन्शुरन्सचं कार्ड, सगळं पत्राने, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन परत नेतो, खोली नंबर बघत बसत नाही. पासपोर्टवरचं आडनाव लिहा, पुरतं.

मग एक दिवस रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येणार, घरटी महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. सगळ्यांना ते फ्रॉड वाटतं. फ्रॉड नाही. शेअर्ड फ्लॅट असेल तर सगळ्यांत मिळून एकच, आधीच कोणी भरत असेल तर त्याचा नंबर कळवून सुटता. पत्र कचऱ्यात टाकलं तर दंडासकट परत येतं.

अभ्यासात फसतात ते इथे

कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेला नाव नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच्यावर जितका जोर देऊ तेवढा कमी. सगळी लेक्चरं केलीत, असाइनमेंट दिल्यात, आणि परीक्षेचं रजिस्ट्रेशन मधल्या काळात दोन-तीन आठवडे उघडून बंद झालं, तुम्हाला पत्ताच नाही, तर पेपरला बसता येत नाही. इथे कसं, फॉर्मची तारीख नोटीस बोर्डावर लागते, वर्गात शिपाई सांगून जातो, लेट फी भरून पण होतं. तिकडे लेट फी नावाचा प्रकार धरूच नका. पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाच्या प्रोफेसरला विचारा, परीक्षा लेखी का तोंडी, रजिस्ट्रेशन कुठल्या पोर्टलवर आणि कधी, एक्सचेंजवाल्यांना पोर्टल चालतं का कागदी फॉर्म आहे. काही ठिकाणी नाव काढून घ्यायचीही तारीख असते, नाव ठेवून पेपरला गेला नाहीत तर नापास.

इंटर्नल नाही, हजेरीचे मार्क नाहीत, बऱ्याच विषयांत शेवटची एकच परीक्षा शंभर टक्क्यांची. एप्रिल ते जून सगळं निवांत वाटतं, वीकेंडला प्राग, पुढच्याला आम्स्टरडॅम, आणि जुलैत एकदम कळतं. फिरा, नक्की फिरा, पण जूनच्या मध्यापर्यंत जुने पेपर हातात पाहिजेत, ते विद्यार्थी संघटनेकडे मिळतात, फाखशाफ्ट म्हणतात तिला, खोलीत कॉफी पण मिळते. टाइमटेबलात दहाच्या पुढे सी.टी. लिहिलं असेल तर लेक्चर सव्वादहाला, एस.टी. असेल तर बरोब्बर दहाला.

फिरण्यावरून, डी व्हिसावर बाकी शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस जाता येतं. लंडन त्यात नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपियन युनियनमध्ये नाही, तुमच्या जर्मन सिमचं फुकट रोमिंग तिथे बऱ्याच प्लॅनमध्ये चालत नाही आणि ट्रेनमधून नुसतं पलीकडे गेलं तरी बिल येऊ शकतं.

अडलं तर

विषयाच्या जागा भरल्या किंवा विषयच रद्द झाला: घाबरू नका, हे होतंच. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये बदलाचा वेगळा भाग असतो आणि तो सेमिस्टर सुरू झाल्यापासून पहिल्या काही आठवड्यांतच भरायचा असतो. नवा विषय घ्यायच्या आधी सिलॅबस इथल्या एचओडींना मेल, त्यांचं "मंजूर" मेलवर, मग सही. उत्तर येत नसेल तर आठवडाभर वाट बघत बसू नका, कॉलेजात असलेल्या मित्राला प्रिंट देऊन केबिनमध्ये पाठवा. मेलला न मिळणारी सही समोर उभं राहिलं की दोन मिनिटांत मिळते, हा आपला अनुभव सगळ्यांचाच आहे.

परीक्षेची तारीख परतीच्या तिकिटाच्या नंतर लागली: आधी प्रोफेसरला साधा, नीट मेल, कारण आणि इथलं सेम कधी सुरू होतं त्याचं कॉलेजचं पत्र जोडून, आणि लवकर तोंडी परीक्षा होईल का अशी विनंती. छोट्या वर्गात बऱ्याचदा मानतात. तीनशे जणांच्या लेखी पेपरला नाही मानणार, तेव्हा तिकीटच बदलावं लागेल, म्हणून तिकीट तारीख बदलता येणारं काढा. परीक्षेची दुसरी फेरी मार्च किंवा सप्टेंबरअखेरीस असते, ती आपल्या उपयोगाची नाही.

एका विषयात नापास: लपवू नका, राखीव विषय त्याच्याच साठी होता. तोही गेला तर इथल्या कॉलेजला लगेच कळवा म्हणजे त्याच विषयाचा इथला पेपर पुढच्या बॅकलॉगच्या फॉर्ममध्ये भरता येईल. दोन महिने गप्प बसून आल्यावर सांगितलं तर फॉर्मची तारीख गेलेली असते.

मन लागत नाही, झोप येत नाही, नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो आणि खोलीबाहेर पडावंसं वाटत नाही: प्रत्येक शहरात श्टुडिएरेंडेनवेर्क, म्हणजे होस्टेल-मेस चालवणारी संस्था, बहुतेक ठिकाणी फुकट समुपदेशन देते, इंग्लिशमध्येही. घरी फोनवर "मजेत आहे" म्हणत राहण्यापेक्षा तिथे जा. आणि मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपतीला जेवायला गेलात तरी चार ओळखी होतात.

परत येताना, इथे घाई नको

शेवटच्या दोन आठवड्यांत सगळे फेअरवेल पार्टीत असतात आणि कागद राहतात. पत्त्याची नोंद रद्द करायची, जायच्या एक आठवडा आधीपासून करता येते, ती पावती लागते इन्शुरन्सला आणि त्या रेडिओ-टीव्हीच्या फीला. युनिव्हर्सिटीतून नाव कमी केल्याचा कागद, एक्समाट्रिकुलेशन, इन्शुरन्स कंपनीला पाठवा, नाहीतर हप्ते चालूच राहतात आणि पुण्याच्या पत्त्यावर जर्मनमधली नोटीस येते, घरच्यांना वाटतं पोरगं काय करून आलं. स्कॉलरशिप असेल तर तिकडे कधीपासून कधीपर्यंत होतात त्याचं सर्टिफिकेट सही-शिक्क्यासकट हातात घ्या, पोस्टाने मागवू नका.

डिपॉझिट लगेच मिळत नाही. भिंतीचे फोटो आत शिरतानाच काढलेले असले तर भांडायला जोर राहतो, कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं घेता येतं, पण परत द्यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्यामुळे तिकडचं बँक खातं निघायच्या दिवशी बंद करू नका, डिपॉझिट आलं की मग ऑनलाइन बंद करा.

ट्रान्सक्रिप्टचंही तसंच. शेवटचा निकाल लागून ट्रान्सक्रिप्ट यायला महिना-दोन महिने लागू शकतात. निघण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये विचारून घ्या की ते तुम्हाला येणार का सरळ कॉलेजला, पीडीएफ का कागदी, ग्रेडिंगची टेबल मागच्या पानावर आहे का. इथे परीक्षा विभागाला मात्र आल्या आल्या भेटा, हातात ट्रान्सक्रिप्ट नसलं तरी, आणि निकाल प्रलंबित आहे, येताच सादर करतो असा अर्ज द्या, म्हणजे तुमचं सेम राखून ठेवतात, नापास म्हणून छापून मोकळे होत नाहीत. ट्रान्सक्रिप्ट आलं की सोबत लर्निंग अ‍ॅग्रीमेंटची शेवटची सही झालेली प्रत, सिलॅबसच्या पीडीएफची प्रिंट आणि जायच्या आधीचं तीन सह्यांचं पत्र असं एकच गठ्ठा करून द्या. दोन प्रती न्या, एक त्यांना, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख मारून स्वतःकडे. हे सगळं पुढच्या सेमच्या परीक्षा फॉर्मच्या आधी झालं पाहिजे, कारण फॉर्ममध्ये कुठले विषय दिसतात ते या गठ्ठ्यावर ठरतं. फॉर्म उघडला आणि एक्सचेंजमध्ये सुटलेला विषय तिथे अजून दिसतोय असं असेल तर फॉर्म भरू नका, आधी तो शिक्का मारलेला कागद घेऊन खिडकीवर जा.